पोट भरलं म्हण

विमानात बसायची माझी पहिली वेळ २०२० च्या जानेवारीत आली. संक्रांत नुकतीच झाली होती. तूर सोंगून खळ्यावर पडली होती, कपाशीचा शेवटचा वेचा बाकी होता. अशा दिवसांत घर सोडणं म्हणजे माझ्या जिवावर आलेलं. पण मुलगा नोकरीला बंगळुरूत. तो, सूनबाई आणि आठ महिन्यांची नात, असे तिघं संक्रांतीला गावी आले होते. परत जाताना त्यानं आमच्या दोघांची तिकिटं परस्पर काढून टाकली. "इतक्या वर्षांत वावर कुठं पळून नाही गेलं बाबा, महिनाभरात पळते काय?" म्हणाला. मग काय करता.

आमच्या घरची लागली शिदोरीच्या मागं. तिळाचे लाडू, मुगाचे लाडू, दशम्या, जवसाची चटणी, खारे दाणे, मिरचीचा ठेचा, आणि सूनबाईच्या स्वयंपाकघरासाठी दोन किलो खोबऱ्याच्या वाट्या. मुलानं ते सगळं पाहिलं आणि खाटेवर बसून हिशोब मांडला. माणशी पंधरा किलो विमानाच्या पोटात, सात किलो हातात. ठेचा हातातल्या पिशवीत चालायचा नाही, पोटात टाका. आणि खोबरं तर कुठंच नाही.

"काऊन? खोबरं काय बॉम्ब हाय?" ती म्हणाली.

मुलानं सांगितलं, सुक्या खोबऱ्यात तेल असते, ते दाटीत आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून विमानात बंदी आहे. तिला ते पटलं नाही. मला पटलं. ओलसर कुटाराची गंजी लावली की चार दिवसांनी आत हात घालवत नाही, इतकी तापते. कोणी काडी लावत नाही, आतल्या आत होते. खोबऱ्याच्या वाट्या घरीच राहिल्या. आपल्या शिदोरीत आपल्याला न दिसणारं असं काय काय तापत असते, हा विचार तेव्हा काही माझ्या मनात आला नव्हता. तो दोन दिवसांनी आला. तेच सांगायला बसलो आहे.

पहाटे तीनला गाडी करून निघालो आणि उजाडल्यावर नागपूरला सोनेगावच्या विमानतळावर पोचलो. बाहेर मोठ्या अक्षरांत नाव आहे : डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ. आमच्या घरचीनं त्या नावाखाली उभं राहून फोटो काढून घेतला. तपासणी झाली, लाडवांचा डबा यंत्रातून जाऊन आला, आणि आम्ही आतल्या खुर्च्यांवर बसलो.

तिथं सूनबाईनं तिच्या पिशवीतून छोट्या छोट्या पुड्या काढल्या. वीस-पंचवीस असतील. प्रत्येक पुडीत दोन गोळ्या, कानात घालायच्या स्पंजच्या दोन नारिंगी बोळ्या आणि एक छापलेली चिठ्ठी. मी मुलाला वाचायला लावली. इंग्रजीत होती. अर्थ असा की, मी आठ महिन्यांची आहे, विमान उतरताना माझे कान दुखतात, मी रडले तर मला आणि माझ्या आईबाबांना माफ करा.

"हे कोणासाठी?" मी विचारलं.

"आपल्या पुढच्या-मागच्या सीटवरच्या लोकांसाठी, बाबा. आजकाल देतात असं."

तिनं मला एक गोष्ट सांगितली. आदल्या वर्षी, २०१९ च्या फेब्रुवारीत, कोरियातल्या सोलहून अमेरिकेतल्या सॅनफ्रान्सिस्कोला जाणाऱ्या विमानात एक आई चार महिन्यांचं लेकरू घेऊन बसली होती. दहा तासांचा प्रवास. तिनं दोनशेच्या वर पुड्या बनवून आणल्या होत्या, आत गोळ्या, कानातल्या बोळ्या आणि माफीची चिठ्ठी. एका प्रवाशानं फोटो टाकला आणि ती गोष्ट जगभर गेली. लोकांनी तिचं कौतुक केलं.

मला मात्र ते ऐकून राग आला. मी म्हणालो, "पोरी, माफी कशाची? लेकरानं काय गुन्हा केला? रडणं हा लेकराचा धर्म हाय. आमच्या शकुंतलेत दर डब्यात पाच लेकरं रडत. कोणाच्या मायनं कोणाला दंड नाही भरला. उलट शेजारची बाई लेकरू आपल्या मांडीवर घे, पुरचुंडीतला खाऊ त्याच्या हातात दे. आपण खाऊ देतो तो देण्यासाठी. हा खाऊ नाही, ही नुकसानभरपाई झाली."

सूनबाई थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "बाबा, येताना आमच्या मागच्या सीटवर एकजण होते. ही रडली तर ते मोठ्यानं म्हणाले, असली लेकरं घेऊन लोक आगगाडीनं का जात नाहीत. सगळ्यांनी ऐकलं. मी उतरेपर्यंत मान वर केली नाही. तुम्ही म्हणता ते खरं आहे. पण प्रत्येक वेळी लोकांच्या चांगुलपणाची परीक्षा घ्यायला माझीच मुलगी का बसवायची?"

याला माझ्यापाशी उत्तर नव्हतं. आजही पूर्ण नाही.

गोळीचा आणि कानाचा संबंध मुलानं समजावला. विमान उडते तीस-पस्तीस हजार फुटांवर, पण आतली हवा सहा-आठ हजार फुटांच्या डोंगरावर असावी इतकी ठेवतात. खाली उतरताना हवेचा दाब वाढत जातो. कानाच्या पडद्यामागं घशापर्यंत एक बारीक नळी असते. ती गिळताना, जांभई देताना उघडते आणि दाब सारखा होतो. नाही उघडली तर कान ठणकतात. म्हणून गोळी चघळायची, थुंकी गिळत राहायचं. पूर्वी इंडियन एअरलाइन्सच्या विमानात हवाईसुंदऱ्या ताटलीत गोळ्या आणि कापूस घेऊन फिरत. कापूस! आम्ही यवतमाळची माणसं जन्मभर कापूस पिकवला, तो कोणाच्या कानात जातो हे कधी ठाऊक नव्हतं.

मग मला कळलं की लेकराला गोळी चघळता येत नाही. त्याला गिळ म्हटलं तर गिळत नाही. ते रडते, आणि रडता-गिळताना त्याचीही ती नळी उघडते. म्हणजे आपण गोळी चघळतो तसं ते रडते. एकाच दुखण्यावर दोन उपाय. त्यातल्या एकाची माफी मागायची आणि दुसऱ्याची नाही, हे काही मला अजून पटलेलं नाही.

विमानात खिडकीशी सूनबाई नातीला घेऊन, मधे आमच्या घरची, आणि वाटेच्या कडेला मी. मुलगा मागच्या रांगेत. सूनबाईनं मुलाकडून पुड्या वाटल्या. कोणी हसून घेतली, कोणी कानातली यंत्रं न काढता घेतली आणि समोरच्या जाळीत कोंबली. एका कोटवाल्या साहेबांनी चिठ्ठी नीट वाचली, नातीकडे पाहिलं आणि गोळी तोंडात टाकली.

पट्टे सोडायला परवानगी मिळाली तसा आमच्या घरचीनं डबा उघडला. तिला पुड्यांचं काही देणंघेणं नव्हतं. संक्रांत होऊन आठ दिवस झाले नव्हते, लाडू होते, आणि माणसं बसली होती. "त्यायले द्या ना," म्हणून तिनं मला कोपर मारलं.

वाटेच्या पलीकडं एक म्हातारी बसली होती. सत्तरीच्या घरातली. पांढरी साडी, वर निळं स्वेटर, मांडीवर कापडी पिशवी दोन्ही हातांनी धरलेली. माझ्यासारखीच पहिल्यांदा विमानात बसलेली असावी, पट्टा अजून सोडला नव्हता. मी लाडू पुढं केला. तिनं घेतला, लगेच तोंडात टाकला.

"संक्रांतीचा होय ना जी? तीळ चांगला भाजला."

"हो, यवतमाळकडचे आमी. दारव्हा."

"मी उमरेडची. लेक बंगलोरले इंजिनेर हाय. तिनंच तिकीट पाठवलं." असं म्हणत तिनं पिशवीत हात घातला, पार्लेचा बिस्किटाचा पुडा काढला, फोडला आणि माझ्यापुढं केला. "घ्या दादा."

आणि मी म्हणालो, "नको जी, पोट भरलं."

का म्हणालो? पोट भरलेलं नव्हतं. पहाटे तीनला अर्धा कप चहा पिऊन निघालो होतो. रेल्वेच्या फलाटावर भोंग्यातून सांगतात की अनोळखी माणसाकडून खाण्याचं काही घेऊ नका. गुंगीचं बिस्कीट देऊन लुटणारे असतात, म्हणून सांगतात, आणि खरंच सांगतात. पण मला त्या म्हातारीची भीती वाटली असं म्हणणं हा शुद्ध खोटेपणा होईल. खरी गोष्ट अशी की तिची पांढरी साडी पाहून माझ्या मनानं ती कोण असावी हे आधीच ठरवून टाकलं होतं. मी काही विचार केला नव्हता. विचार करायच्या आधीच माझं तोंड बोलून मोकळं झालं.

तिचा हात थोडा मागं गेला. चेहऱ्यावर राग नव्हता. हे ओळखीचं आहे, असा काहीतरी भाव होता. तेवढ्यात आमच्या घरची माझ्या अंगावरून वाकली आणि पुड्यातून दोन बिस्किटं उचलली. "त्यायचं भरलं असन, माह्यं नाई भरलं," म्हणाली आणि खाऊ लागली.

"पोट भरलं" हे शब्द माझे नव्हते. ते मला शिकवलेले होते. कोणी, कुठं, कधी, हे मला त्याच क्षणी आठवलं.

१९६९ किंवा ७० चं साल. मी तिसरी-चौथीत असेन. आमच्याकडं तेव्हा शकुंतला गाडी होती. यवतमाळ ते मुर्तिजापूर, एकशे तेरा किलोमीटर, अरुंद रूळ. विलायती कंपनीनं आमचा कापूस वाहून न्यायला टाकलेली ती लाइन. वाफेचं इंजिन तिला १९९४ पर्यंत होतं. गाडी इतकी सावकाश जाई की उतरून लघवी करून पुन्हा चढता येते, असं लोक म्हणत. आजोळ कारंज्याजवळ असल्यामुळं आई मला घेऊन दसऱ्याला त्याच गाडीनं जाई.

त्या खेपेला डबा पांढऱ्या कपड्यांच्या माणसांनी भरला होता. बाबासाहेबांनी १९५६ च्या दसऱ्याला, १४ ऑक्टोबरला, नागपुरात धम्मदीक्षा दिली. तेव्हापासून दर दसऱ्याला लोक दीक्षाभूमीला जातात. दारव्ह्याकडची काही माणसं या गाडीनं मुर्तिजापूर गाठत आणि तिथून मोठ्या गाडीनं नागपूर. आमच्या समोर एक बाई बसली होती. तिनं फडकं सोडलं, आपल्या लेकरांना भाकरीचे तुकडे दिले, आणि माझी नजर तिच्या फडक्याकडं आहे हे पाहून शेंगदाण्याचा एक लाडू माझ्यापुढं केला. गुळाचा वास मला अजून येतो. माझा हात उठला होता. आईनं तो पदराखाली धरला आणि कानात म्हणाली, "पोट भरलं म्हण."

मी म्हटलं. बाईनं लाडू परत फडक्यात ठेवला आणि गाठ मारली.

नंतर जे झालं ते जास्त विचार करण्यासारखं आहे. आईनं आमची शिदोरी सोडली आणि त्या बाईच्या लेकरांना दोन-दोन पुऱ्या दिल्या. वरून लोणचंही घातलं. लेकरांनी खाल्लं. आई काही दुष्ट नव्हती. दारात आलेला माणूस तिनं कधी उपाशी पाठवला नाही. "गाडीत आपण सगळ्यायले देतो," हे ती मरेपर्यंत अभिमानानं सांगत असे आणि ते खरं होतं. देत होती. घेत नव्हती.

मी सूनबाईला शकुंतलेचं मोठेपण सांगितलं तेव्हा हा लाडू विसरलो होतो. आठवणीसुद्धा आपल्या सोयीच्या तेवढ्याच बांधून नेतो आपण. पुढं वावराचा मालक झालो तेव्हा तरी काय केलं? वेचणीच्या बाया दुपारी धुऱ्यावरच्या निंबाखाली डबे उघडत, एकमेकींच्या भाज्या चाखत. दोघी-तिघी मात्र बोरीखाली वेगळ्या बसत. त्या तिथं का बसतात, हे मी कधी विचारलं नाही. विचारायचं काय, माहीत होतं. दिवाळीला त्यांना फराळ देत होतोच. तेवढ्यानं मला वाटे की मी बरा माणूस आहे.

अस्पृश्यता हा गुन्हा आहे असा कायदा १९५५ मध्येच झाला. माझ्या जन्माच्या आधी. विहिरीवर, देवळात, हॉटेलात अडवणाऱ्याला तो कायदा पकडू शकतो. पण "पोट भरलं" म्हणणाऱ्याला कोणता कायदा पकडणार? ते वाक्य सभ्य आहे. त्यात शिवी नाही, नकारसुद्धा नाही, उलट तृप्ती आहे. म्हणूनच ते इतकी वर्षं टिकलं.

देणं मला आता फार मोठं वाटत नाही. देणाऱ्याचा हात वर असतो. त्याला काही सोडावं लागत नाही, दोन लाडू सोडले तर. घेताना मात्र दुसऱ्याच्या घरचं मीठ-गूळ आपल्या तोंडात जाते, त्याची चूल आपल्या चुलीएवढीच चांगली आहे हे मान्य करावं लागते. माझ्या आईला आणि मला जड गेलं ते हे.

आणि पुडीचं काय? मी सूनबाईच्या पुडीला नुकसानभरपाई म्हणून हिणवलं. पण तिची पुडी आणि आमची पुरी यांत फरक किती? तीही देते, आम्हीही दिलं, आणि दोन्हीत समोरच्याकडून काही घ्यायचं नव्हतं. फरक इतकाच की ती भीतीपोटी देत होती आणि आई मोठेपणापोटी. भीतीपोटी देणाऱ्याला मी नावं ठेवली आणि मोठेपणापोटी देणाऱ्याचे गोडवे गायलो.

विमान उतरायला लागलं तशी नात जागी झाली आणि रडायला लागली. चांगली दहा मिनिटं. सूनबाईनं अंगावर घेतलं, पाणी पाजलं, तरी रडणं थांबेना. कोणी काही बोललं नाही. कोटवाल्या साहेबांनी त्या नारिंगी बोळ्या कानात घातल्या आणि डोळे मिटले. लोक पुडीमुळं गप्प बसले की मुळात भली माणसं होती म्हणून, हे कळायला आता मार्ग नाही. पुडीचा मला दिसलेला दोष हाच आहे. ती दिल्यावर माणूस कसा आहे ते कळत नाही. पण रडणारं लेकरू ज्या आईच्या मांडीवर आहे तिनं ते कळून घेण्यासाठी पुन्हा बोलणी खावी, असं म्हणण्याचा हक्क मला नाही. रडक्या लेकराच्या शेजारी बसणाऱ्यानं आधी म्हणायला पाहिजे, "राहू द्या हो, लेकरूच आहे." त्यानं म्हटलं की पुडीची गरज संपते. आईनं चिठ्ठी छापायच्या आत कोणीतरी ते म्हणायला हवं.

त्या दिवशी ते म्हटलं उमरेडच्या म्हातारीनं. नात रडत होती तेव्हा ती वाटेच्या पलीकडून सूनबाईला म्हणाली, "रडू दे व माय. कान दुखत असन तिचा. माहाबी दुखून रायला." सूनबाई पहिल्यांदा हसली.

मी म्हातारीकडं वळलो. म्हणालो, "बाई, एक बिस्कीट द्याल काय?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. "आताच त पोट भरलं होतं ना जी?"

"खोटं बोललो होतो."

तिनं पुडा पुढं केला. आणखी काही विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मुलगा म्हणतो की उंचावर जिभेला गोड आणि खारट कमी लागते. मला ते बिस्कीट जमिनीवर लागते तेवढंच गोड लागलं. पण उशिरा मागितलेलं होतं ते. पहिल्यांदा पुढं केलेलं मी परत पाठवलं होतं आणि तो मागं गेलेला हात काही या बिस्किटानं पुसला जात नाही.

बंगळुरूला रात्री मी आमच्या घरचीला विचारलं, "तू कसं काय घेतलं?" मला वाटलं, ती काही मोठं बोलेल. ती म्हणाली, "भूक लागली होती." आणि कूस बदलून झोपली.

दोन महिन्यांत कोरोना आला. मग वर्ष-दीड वर्ष कोणी कोणाच्या हातचं काही घेतलं नाही. तेव्हा सगळ्यांनाच "नको" म्हणायला कारण होतं आणि ते खरं कारण होतं. आता ते गेलं आहे. आमच्या वावरात वेचणीच्या बाया अजूनही दोन झाडांखाली बसतात. गेल्या दिवाळीनंतर मी एकदा डबा घेऊन बोरीखाली जाऊन बसलो. म्हटलं, भाजी काय आहे? त्या एकमेकींकडं पाहू लागल्या. एकीनं आंबाडीची भाजी वाढली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो तर त्या अवघडल्यासारख्या झाल्या. मालक जवळ बसला की मोकळं बोलता येत नाही, हेही मला तेव्हाच कळलं. आता मी रोज जात नाही. बोलावलं की जातो. मधून मधून बोलावतात.

सूनबाईची एक पुडी माझ्या कोटाच्या खिशात राहिली होती. गोळ्या नातीच्या मोठ्या मावसभावानं खाल्ल्या. नारिंगी बोळ्या मी तुरीच्या मळणीयंत्राजवळ उभा राहताना कानात घालतो, चांगल्या आहेत. चिठ्ठी ट्रंकेत आहे.

शकुंतलेतल्या त्या बाईचं नाव मला माहीत नाही. ती कोणत्या स्टेशनावरून चढली तेही आठवत नाही. तिचा लाडू कसा लागला असता, तेही आता कळणार नाही.